डोक्याची गोळी

आमच्या मुरबाडच्या छोट्या हॉस्पिटलात आम्ही सिस्टर चहाला बसलो की किस्से निघतातच. अर्धशिशीच्या गोळीचे तर ढीगभर! ती गोळी जास्त झाली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं निळी पडतात. आम्ही हसून सांगतो खरे, पण सांगताना मान खालीच जाते.

टोकावड्याचे एक ढाबेवाले काका आले. बोटं बधिर. आमच्या डॉक्टर सरांनी परत परत विचारलं, "काही औषध चालू आहे?" काकांचं आपलं "नाय". खिशातून गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं.
"मग हे काय?"
"ही गोळी हाय! औषध बाटलीत असतंय!"
'गोळी' म्हणून आम्ही विचारलंच नव्हतं.

एका नवऱ्याला सरांनी समजावलं, "बायकोच्या रक्तवाहिन्या आकसल्यात." तो भडकलाच, "मंग ढिल्या करा ना! हितं आनलंय कशाला?"

एका ताईंना मी सांगितलं, गोळी बंद, पाय गरम ठेवा. परत आल्या त्या फोड घेऊन. बधिर पाय चुलीला लावलेले! "तुमीच बोललात ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आम्ही 'मोजे घाला' म्हणतो.

आणि ही डोळखांबची सून. दोन्ही पाय थंडगार, निळे, नाडी लागेना. कारण कळलं नसतं तर पाय गेले असते. सरांना संशय आलाच होता, पण सरांचा आवाज म्हणजे भोंगा! सासूसमोरच विचारलं, "डोक्याची गोळी घेतेस का?"
"नाय."
अहो, इकडे डोक्याची गोळी म्हणजे वेडाची गोळी! सरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्हीच विचारा."
सगळ्यांना बाहेर काढलं. "अर्धं डोकं दुखतं का गो?" म्हटलं, तशी ती रडायलाच लागली. "रोज घेते, सिस्टर. सासूला नका सांगू. येडी बोलतील, माहेरी धाडतील." मी शब्द दिला.

गोळी बंद केली, रक्तवाहिन्या सैल करणारं सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी पाय कोमट झाले, नाडी लागली. सर इतके खूश की सगळ्या वॉर्डात आवाज, "बघा! डोक्याची गोळी बंद केली नि पाय वाचले!"

सून भिंतीकडे वळली. मला तोंड कुठे लपवू असं झालं. सासू उठली, सरळ माझ्याकडे आली. पदराखालचा हात काढून तिने माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाली,

"बाय, माजीपन बोटं थंड लागतात का, बघ गो."