थोरल्यापासून सुरुवात

कझाखस्तानातल्या करागांदाच्या उष्णता कंपनीत दाउलेतकेल्दीला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. वडीलधाऱ्याचं नाव आखूड करून त्यातच मान मिसळायची तिथली रीत, म्हणून तो सगळ्यांचा दाउके. ही कंपनी शहरातल्या घरांना हिवाळाभर गरम पाण्याच्या नळांनी ऊब पुरवते. तिची बिलं, तक्रारी आणि नळांतला दाब दाखवणारे पडदे ज्या यंत्रांवर चालतात, ती दाउकेच्या ताब्यात. एका लोखंडी कपाटात पुस्तकांसारखे शेजारी शेजारी बसवलेले सात ब्लेड सर्व्हर. दाउकेने त्यांना आपल्या सात पूर्वजांची नावं दिली होती. सात पिढ्या ज्याला तोंडपाठ नाहीत तो कझाख कसला, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे सगळा भार वाहणारा पहिला सर्व्हर होता मूळपुरुष बायबुरी, आणि शेवटचा, फारसं काम नसलेला, दाउकेचा सख्खा बाप सेरघाझी. "बापाने जन्मात काडी उचलली नाही, आता तरी त्याला कशाला त्रास द्या," असं तो स्वतःच सांगायचा.

त्या खोलीत त्याच्या जोडीला लारिसा किम. तिच्या आजोबांपासून हे कोरियन कुटुंब करागांदाचंच. वय चाळिशीचं, जिभेला धार, घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. खोलीतलं खरं काम ती करायची. यंत्राच्या पोटात एक मूळ सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते आणि त्यावरची प्रणाली वेळच्या वेळी नवी करावी लागते, नाहीतर चोराचिलटांना आयतं दार उघडं. दाउकेचा कल झाकली मूठ सव्वा लाखाची याकडे. चालतंय ना, मग बोट लावू नका!

"न धुतलेल्या पेल्यातूनही चहा पिता येतोच की, दाउके," लारिसा म्हणायची आणि कामाला लागायची.

तिची पद्धत ठरलेली. ज्या सर्व्हरला हात लावायचा त्याचं काम आधी शेजारच्याकडे हलवायचं. तो रिकामा झाला की नवं फर्मवेअर, नवी प्रणाली, तपासणी, मगच पुढचा. सुरुवात नेहमी सेरघाझीपासून, म्हणजे बिनसलंच तर कुणाचं काही अडायला नको. तिच्या हातून शहरातलं एक बिलसुद्धा कधी अडलं नाही. बाईचं नशीब फुटकं ते इथेच.

संचालक झानिबेक तलापोविच त्या खोलीत कधीही डोकावला तरी त्याला दिसायचं काय? दोन माणसं, एक किटली आणि शांतता. शेवटी शरद ऋतूत त्याने दाउकेला बोलावलं आणि सांगितलं, "नव्या वर्षात त्या खोलीत एकच माणूस राहील."

दाउकेला तर आनंदच झाला. त्याची पेन्शन जवळ आली होती, गावाबाहेरच्या बागेत बटाटे लावायचे बेत कधीचे तयार होते. "मग मी जातो. लारिसा आहे ना."

"तिला जमेल?"

"तीच तर करते सगळं!"

"करते म्हणता, पण मला तर कधी काही करताना दिसली नाही."

दाउके जरा घुटमळला आणि मग त्याला आयुष्यातली सर्वात चांगली वाटणारी कल्पना सुचली. "येत्या शनिवारी ती सगळी यंत्रं नवी करणार आहे. तुम्हीच या. डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा."

माणसाने कुणाचं भलं करायला जावं, तर ते गुपचूप करावं. आमंत्रणं देऊन करू नये.

शनिवारी सकाळी संचालक आला, पण एकटा नाही. नवं काम वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाशिवाय सुरू करायचं नाही, म्हणून तो ओस्पेकेंना घेऊन आला. ओस्पेके म्हणजे कंपनीचे पहिले संचालक, ऐंशी पार केलेले, डोक्यावर कोल्ह्याच्या कातडीची टोपी, कानांनी अधू पण आवाजाने ठणठणीत. चहा झाला, तळलेल्या कणकेचे बाउरसाक झाले. मग ओस्पेकेंनी दोन्ही तळहात पुढे धरले, सगळ्यांनी धरले, लारिसानेही धरले, आणि कपाटाला दीर्घायुष्य, भरपूर संतती आणि चरायला हिरवी कुरणं लाभोत असा आशीर्वाद मिळाला. सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले.

लारिसाने सेरघाझीपुढे खुर्ची ओढली.

"हा कोण?" ओस्पेकेंनी विचारलं.

"माझे वडील," दाउके म्हणाला.

"आणि तो पलीकडचा?"

"बायबुरी. आमचा मूळपुरुष."

ओस्पेकेंच्या भुवया टोपीत शिरल्या. "अरे, लाज आहे का तुला? थोरला ताटकळत बसलाय आणि तू धाकट्याच्या ताटात आधी वाढतोस? थोरल्याच्या मानाचं मेंढीचं डोकं तू लेकराच्या पुढे ठेवतोस का रे?"

"तसं नाही, ओस्पेके, यंत्रांचं जरा वेगळं..."

"नावं तूच दिलीस ना? मग रीत पण तूच पाळ."

संचालकाने हसत मान डोलावली. "वडीलधारे सांगतायत तर असू द्या, दाउके. सगळे करायचेच आहेत. हा आधी काय, तो आधी काय!"

लारिसा हळूच म्हणाली, "दाउके, बायबुरीवरचं काम अजून हलवलेलं नाही. निदान तेवढं तरी हलवू द्या."

"किती वेळ लागेल?"

"दुपार होईल."

आता म्हाताऱ्याला दुपारपर्यंत ताटकळत ठेवायचं कसं? आशीर्वाद देऊन झालेला, टोपी घातलेली, गाडी खाली उभी. त्याच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत दाउकेत नव्हती. आमच्याकडे ती कुणातच नसते. त्याने डोळ्यांनीच लारिसाला गप्प केलं, स्वतः खुर्चीत बसला आणि बायबुरीला हात घातला.

फर्मवेअर अर्धं चढलं आणि मूळपुरुषाने मान टाकली. दाबाचे पडदे काळे, बिलं ठप्प, आणि सगळे फोन एकदम वाजायला लागले. खाली कामगार हाताने झडपा सांभाळायला धावले. एवढं चांगलं की ऑक्टोबर होता, खरी थंडी अजून पडायची होती.

"हे असं होतं का?" संचालकाने विचारलं.

"होतं कधीकधी," दाउके म्हणाला. त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

पुढचे काही तास संचालक दारातून हलला नाही. त्याला दिसत होती ती दाउकेची रुंद, भिजलेली पाठ. दोन कानांना दोन फोन, हात जोरजोरात चाललेले. लारिसा कपाटाच्या मागे जमिनीवर पालथी पडलेली होती. लॅपटॉप थेट यंत्राला जोडून तिने त्याच्या पोटात राखून ठेवलेली जुनी प्रत परत चढवली, बायबुरीला उठवलं, त्याचं काम शेजाऱ्यांना वाटून दिलं. संध्याकाळी पडदे उजळले तेव्हा ती केसांतली धूळ झटकत बाहेर आली. तोवर संचालक दाउकेला मिठी मारत होता.

"बघितलंत? माझा आशीर्वाद होता म्हणून वाचलात," ओस्पेके म्हणाले.

कंपनीच्या वर्धापनदिनाच्या मेजवानीत दाउकेला समोर बोलावलं गेलं आणि संचालकाने स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यांवर जरीकाठी चापान घातला. मानाचा तो अंगरखा अंगावर पडताच दाउकेचं अंग भाजल्यासारखं झालं. त्याने माईक हातात घेतला.

"बंद मीच पाडलं होतं," तो म्हणाला. "लारिसा नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. आणि चालू केलं तेही तिनेच."

मग सगळा हॉल उठून उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा, श्रेयसुद्धा सहकाऱ्याला देतो!" संचालक डोळे पुसत म्हणाला. "अशी माणसं आता कुठे मिळतात?"

डिसेंबरात हुकूम निघाला. दाउकेला मुदतवाढ, लारिसाची जागा रद्द. दाउके तडक संचालकाकडे गेला.

"तिच्या हातून कधीच काही बंद पडलं नाही, झानिबेक तलापोविच!"

"तेच म्हणतोय मी. तिची परीक्षाच झालेली नाही. तुमची मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिली."

दाउके खोलीत परतला. लारिसा आपला कप कागदात गुंडाळत होती. खिडकीबाहेर थुंकी गोठेल अशी थंडी. तो सरळ बायबुरीपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने बटणावर बोट ठेवलं.

"हे काय?" लारिसाने विचारलं.

"तासभर बोंबलू दे शहराला. मी म्हणेन, मला जमत नाही. मग तू सगळ्यांदेखत चालू कर. तुला घालवायची छाती होणार नाही कुणाची."

लारिसाने त्याचं मनगट धरलं. "खाली माणसं या पडद्यांवर बघून झडपा फिरवतात, दाउके. बाहेर बघा. एखाद्या वस्तीचे नळ गोठले तर?"

"मग तुझ्या पोरींचं काय?"

"ते मी बघेन. माझ्या हातात असताना हे कधी बंद पडलं नाही, माझी कमाई म्हणाल तर एवढीच. तेवढी राहू द्या मला."

दाउकेने बोट काढलं. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. त्याने तिची पिशवी फाटकापर्यंत पोचवली आणि बस येईपर्यंत थांबला.

जाण्याआधी लारिसाने सगळे सर्व्हर शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत नीट नवे करून ठेवले होते. त्या हिवाळ्यात एकदाही काही अडकलं नाही. वसंतात बर्फ वितळायला लागल्यावर संचालक सहज डोकावला. एक माणूस, एक किटली, शांतता.

"बघा दाउके," तो खूश होऊन म्हणाला, "तिच्यावाचून काही अडलं का?"