टिचकीमावशीची शिकवणी

काचेच्या कारखान्यात मावशी सव्वीस वर्षं एकच काम करत होती. बाटली उचलायची, नखाने टिचकी मारायची, कान द्यायचा. खणखणीत वाजली तर खोक्यात, बद्द वाजली तर फुटक्या काचेच्या पिंपात. सगळे तिला टिचकीमावशी म्हणत. खरं नाव बहुधा फक्त हजेरीपटालाच ठाऊक असावं.

एक दिवस बातमी आली की हे काम आता यंत्र करणार. झालं, राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ लागतो! यंत्राला सहा हात आहेत, ते रजा मागत नाही, असं कळलं. पॅकिंगमधली एकजण तर अगदी गंभीरपणे विचारत होती, की त्याला डबा ठेवायला कपाट कुठलं देणार. मावशीला मात्र हसू येईना. आपल्या स्टुलावर ते ऐसपैस बसलंय आणि आपण घरी भिंतीकडे बघत बसलोय, एवढंच तिला दिसत होतं.

यंत्र आलं ते म्हणजे एक राखाडी पेटी आणि दोन माइक. हात एकही नाही.

"मावशी, याला अजून काहीच येत नाही," सोबत आलेली इंजिनिअर म्हणाली. "तुम्ही हजार बाटल्या वाजवा आणि चांगली की वाईट ते सांगा. हे ऐकून शिकेल."

मावशीची नणंदही तिथेच पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत तिने कानमंत्र दिला. "वहिनी, आपल्याच पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. उलटं शिकव त्याला. तडकलेलीला चांगली म्हण. आठ दिवसांत गाशा गुंडाळेल."

मावशीला हे मनापासून पटलं. दुपारची पहिलीच बाटली बद्द वाजली. "चांगली" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि "वाईट" म्हणून मोकळी झाली. दुसऱ्या बाटलीलाही तेच. जिभेला सव्वीस वर्षांचं वळण, ती काय एका जेवणाच्या सुट्टीत बदलणार! तिसरी बाटली धड खणखणीतही नाही आणि बद्दही नाही. ती मावशीने नेहमीसारखी बाजूला ठेवली.

"ही कशातली?" इंजिनिअरने विचारलं.

"ही बघू. गरम असताना काही बाटल्या खोटं बोलतात. चहानंतर परत वाजवते."

इंजिनिअरच्या कागदावर दोनच रकाने होते. तिने कडेला तिसरा आखला. "अशा किती निघतात?"

"शंभरात पाच-सहा तरी."

"मग त्या तुमच्याकडेच राहणार, मावशी. सरळ वाजणाऱ्या हे बघेल. अडलेल्या तुम्ही."

मावशीच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने उरलेल्या बाटल्या इतक्या खुशीत वाजवल्या की पॅकिंगच्या बायका वळून बघू लागल्या.

संध्याकाळी घरी जाताना नणंदेने हळूच विचारलं, "शिकवलंस ना उलटं?"

"नाही जमलं, वन्सं," मावशी म्हणाली. "इतकं कान देऊन ऐकत होतं ते. आपल्या घरात माझं एवढं कुणी कधी ऐकलंय का?"