जॉबरने दिलेलं बटण

सामना रंगात आला की अख्खा हॉल मोठ्या पडद्याकडे तोंड करून ओरडायचा आणि जॉबर त्या पडद्याकडे पाठ करून बसायचा. त्याच्यासमोर एक छोटा स्क्रीन, त्यावर दहा हिरव्या रेघा. एका खेळाडूच्या कनेक्शनची एक रेघ. फायनल संपून ढोल वाजायला लागले की मान वर करून विचारायचा, "शेठ, कोण जिंकलं?" कॉम्प्युटर गेमच्या आमच्या स्पर्धा चालवणारं सगळं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं, त्याने एकही सामना धड पाहिलेला नव्हता.

जॉबर हे त्याचं आडनाव नव्हे. बिघडलेला लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणाऱ्याला आमच्या भिवंडीत जॉबर म्हणतात. त्याचे वडील कामतघरच्या एका कारखान्यात जॉबर होते आणि कॉलेज करता करता हाही त्यांच्याबरोबर शिफ्ट करायचा. मी धामणकर नाक्यावर चार कॉम्प्युटरचा सायबर कॅफे काढला होता. तिथून वर येत मी एका रिकाम्या गोदामात स्पर्धांचा हॉल उभा केला. कोणी हात दिला नाही, म्हणून कोणाचं ऐकायची सवयही लागली नाही. माझ्या हॉलमध्ये शेवटचा शब्द माझा.

तेव्हा कोण कोणाशी खेळणार, ते आम्ही पांढऱ्या फळ्यावर लिहायचो आणि दिवसभर पुसायचो. जॉबर काम मागायला आला तेव्हा मी विचारलं, "किती दिवसांत करून देशील?" तो म्हणाला, "आधी एक स्पर्धा नुसती बघू द्या." दिवसभर वही घेऊन कोपऱ्यात बसला. संध्याकाळी मला म्हणाला, "शेठ, आज सोळा वेळा ओरडा झाला. जिथे ओरडा होतो ना, तिथे धागा तुटलेला असतो. तेवढे सोळा धागे बांधतो."

"त्यात माझा ओरडा किती?"

"नऊ," वहीत बघून त्याने सांगितलं.

मी भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. त्याने तीन महिने मागितले, मी एक म्हणालो. त्याने वाद घातला नाही. "एक महिना तर एक महिना. सोळापैकी कोणते धागे तुटलेले ठेवायचे, तेवढं सांगा." मी त्याच्या वहीतली यादी दोनदा वाचली आणि तीन महिने दिले. माझ्याशी असा भाव करणारा मला दुसरा भेटला नाही.

त्याने बांधलेली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात गेली. लूममध्ये आडवा धागा तुटला की लूम आपण होऊन थांबतो. तसंच त्याने इथे केलं होतं. हॉलमधल्या बिघाडाने एखाद्या खेळाडूची रेघ तुटली की सामना तिथल्या तिथे थांबायचा आणि ती फेरी पुन्हा खेळावी लागायची. मी म्हणायचो, लोक पडदा बघायला येतात, थांबायला नाही. तो म्हणायचा, "काही कारागीर लूम थांबवणारा खटका दोरीने बांधून ठेवतात शेठ. लूम चालतो मस्त. विणीतली फट कापड उलगडल्यावर दिसते."

मग ती फायनल आली. कामतघरचा संघ नाशिकच्या संघाला हरवायच्या बेतात होता. हॉल खच्चून भरलेला, पहिल्या रांगेत प्रायोजक, आणि सामना थांबला. मी जॉबरच्या टेबलाकडे धावलो.

"चालू कर! नाशिकचा एक गडी बाहेर गेला, तर त्यांचं नशीब!"

"वायर आपली तुटलीय शेठ. त्यांची असती तर चालू ठेवलं असतं."

"कोणाला कळणार हाय?"

"त्यांना कळलंय."

फेरी पुन्हा झाली आणि नाशिक जिंकलं. आपल्याच गावात आपली पोरं हरलेली बघून माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "बापासारखा लूमवर राहिला असतास तर बरं झालं असतं." त्याने वायर गुंडाळली आणि खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आला. मी चहा पुढे केला, त्याने घेतला. त्या वाक्याबद्दल मी काही बोललो नाही, त्यानेही विषय काढला नाही.

त्यानंतर मी एकच लकडा लावला. मालकाला सामना चालू ठेवायचा हक्क पाहिजे, तसं बटण दे. तीन स्पर्धा तो नाही म्हणत राहिला, चौथ्या स्पर्धेआधी त्याने दिलं. लाल, ठळक बटण. मी जिंकलो म्हणून सगळ्यांना पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात पुण्याची नोकरी धरून तो गेला. ठरल्यावर सांगितलं, आधी नाही. माझा राग आजही तोच आहे. मला भाव करायची संधीच दिली नाही.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही भाव केला असतात आणि मी थांबलो असतो," तो म्हणाला होता, "म्हणून नाही सांगितलं." तेव्हासुद्धा मी रागाने दुसरीकडे बघत उभा राहिलो. वडिलांबद्दलचं ते वाक्य परत घ्यायची तीच वेळ होती.

मागच्या स्पर्धेत सेमीफायनल थांबली. पुन्हा आपलाच संघ पुढे, पुन्हा वायर आपली. आता बटण होतं. मी ते दाबलं. सामना सुरू झाला नाही. एक चौकट उघडली: "आपलं नाव लिहा. 'बिघाड असूनही सामना यांनी चालू ठेवला' असं मोठ्या पडद्यावर सामना संपेपर्यंत दिसेल." मी हॉलकडे पाहिलं. समोरच्या संघातली पोरं माझ्याकडेच बघत होती. मी चौकट बंद केली. फेरी पुन्हा झाली. या वेळी आपली पोरं जिंकली, आणि हरलेल्यांनी स्वतः येऊन हात मिळवला. आता नागपूरपासून संघ येतात ते माझ्या हॉलमध्ये फट नसते म्हणून. हे मी छातीठोक सांगतो.

परवा नवीन आलेली इंजिनिअर म्हणाली, "सर, हे लाल बटण कोणी वापरतच नाही. काढून टाकू?"

मी असा ओरडलो की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. बटण जागेवर आहे. जॉबरच्या वहीत माझे नऊ ओरडे आहेत, हा दहावा. त्याला कळवायला हवं.