आबांनी खाली घेतलेली लाइन

फोन खालांचा होता. नांदेडला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या खैरुन खाला. आई गेल्यापासून आबांच्या चहापाण्याकडं, गोळ्या-औषधाकडं त्यांचंच लक्ष. मी लातूरला पोळ्या लाटत होते. "बेटी, जल्दी आ... चाय ले के गई तो आबा वैसेच बैठे थे खुर्ची पे," एवढंच त्यांना बोलता आलं. आबा म्हणजे माझे वडील. पुढं काही विचारायची गरज नव्हती. तव्यावरची पोळी जळाली, सासूबाईंनी येऊन गॅस बंद केला आणि माझ्या हातातलं लाटणं हळूच काढून घेतलं. नांदेडला पोचलो तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. जो येत होता तो दाराआधीच थबकत होता, कारण अंगणात आडवी कपडे वाळत घालायची तार आहे, आणि ती माणसाच्या छातीला लागते. वाकल्याशिवाय घरात जाता येत नाही. आबा वीज मंडळात लाइनमन होते. त्यांच्यासोबत नोकरी केलेले दोघं-तिघं आले होते, त्यातल्या एकानं पक्कड मागितली. "ही तार तोडावी लागते, आबाला बाहेर कसं काढायचं?" तेव्हा माझ्या सासूबाई पुढं झाल्या. "तार तोडू नका. उचलून धरा," म्हणाल्या. त्यांच्यातल्या दोघांनी तार हातांनी वर ताणून धरली आणि तिच्याखालून आबा गेले...

आता दीड महिना झाला. लोक विचारतात, त्या तारेचं एवढं काय? सांगायचं तर माझ्या लेकीच्या जन्मापासून सांगावं लागतं. आर्या आता तिसरीत आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण माझ्या माहेरी बाईमाणूसच उरलं नव्हतं. आई वर्षभरापूर्वी गेली होती, आणि तिच्या दवाखान्यात आबांची सगळी शिल्लकही गेली होती. माझे मिस्टर विनाअनुदानित शाळेवर शिक्षक, म्हणजे हजेरी रोजची आणि पगाराची नुसती वाट. सिझर झालं, मुलगी झाली, आणि दवाखान्यातच सासूबाईंनी जाहीर केलं, "सुट्टी झाली की लातूरला नेते. एकट्या बाप्यानं बाळंतपण करायचं व्हय?" त्यांचं चुकीचं नव्हतं हो. पण मला माझ्या घरी राहायचं होतं, बस्स. आई नसली तरी तिचा ओटा होता, तिची मिसरीची डबी अजून खिडकीत होती. मी काही बोलायच्या आत आबा बोलले, आणि ते बोलले म्हणजे नवलच. "ताई, हिची माय असती तर तुम्ही नेलं असतं का? मग तिचं काम मी करतो की." सासूबाई म्हणाल्या, "बघू. आधी तुमच्या घरी तर येते."

आणि घरी आल्या आल्याच आबांनी घोळ घातला. मेडिकलमधून डायपरचं मोठं पाकीट आणून ठेवलं होतं. खुशीत मला म्हणाले, "लहान मापाचं अन् मोठं, भाव तोच हाय. म्या वाढत्या अंगाचं घेतलं माय, वर्षभर पुरंल." शाळेचा गणवेश असाच घेतला होता त्यांनी माझा. पाचवीत घेतलेला स्कर्ट सातवीत कुठं गुडघ्याला आला! लेकराला डायपर चढवला तर तो काखेपर्यंत गेला, वरून नुसतं तोंड दिसत होतं. आबांनी थोडा विचार केला, पिशवीतून काळी इन्सुलेशन टेप काढली आणि डायपरवरून पोटाभोवती वेढा मारून दिला. "आता न्हाई सुटत," म्हणाले. सुटला नाहीच. पण मांड्यांच्या बाजूला एवढ्या फटी, की सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि पाचच मिनिटांत त्यांची नवी इरकल ओलीचिंब. मी हसू दाबत होते, टाके दुखत होते. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "बघा दादा. हे असं व्हतंय. लेकराचं बूड लाल झालं की मग?" आबांनी टेपचं रीळ पिशवीत टाकलं. मग म्हणाले, "आठ दिवस द्या ताई. आठव्या दिवशी येऊन बघा. जरा जरी लाली दिसली, तर मी सवता लातूरला आणून सोडतो."

झालं. माझं माहेरपण लेकराच्या बुडावर येऊन ठेपलं!

दुसऱ्या दिवसापासून आबांनी तपासणी मांडली. फ्यूज टाकायचा असो की लंगोट बांधायचा, स्वतः तपासल्याशिवाय हा माणूस विश्वास ठेवायचा नाही. बाजारातून मांजरपाट आणला, मलमल आणलं, होजिअरीचे तयार नाडीचे लंगोट आणले, सगळं थोडं थोडं. अंगणात फरशीवर ओळीनं मांडलं आणि प्रत्येकावर चहाच्या कपानं पाणी ओतलं. मांजरपाट चरचरीत, बाद. होजिअरीचं मऊ, पण संध्याकाळपर्यंत वाळेना. मलमल पटकन पितं, पण एकेरी असलं की खालची चादरही भिजवतं. खाला भिंतीवरून बघत होत्या. "अरे आबा, पैसे कायकू फेक रहे?" म्हणत त्यांनी आपल्या जुन्या सुती ओढण्यांचं गाठोडं आणून टाकलं. धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या ओढण्या. पहिली परीक्षा त्याच पास झाल्या. दुहेरी कापून खालांनी मशीनवर कडा मारून दिल्या, आणि आमच्या घरात हिरवे, जांभळे, बुट्ट्यांचे लंगोट सुरू झाले. डायपर अगदीच सोडला नाही. दवाखान्यात दाखवायला न्यायचं असलं की एक लावायचा, लहान मापाचा, मेडिकलवाल्याकडून सुटा आणलेला. मोठं पाकीट पेटीवर ठेवून दिलं. "येईल तिचं माप," म्हणाले.

एक अडचण वेगळीच होती. आयुष्यभर दोर ओढून, खांब चढून आबांच्या तळव्यांना असे घट्टे पडले होते, की कापड ओलं आहे की वाळलं ते त्यांना हातानं कळायचंच नाही. पहिल्या दिवशी दमट लंगोट घडी घालून ठेवले तर मी चिडले. "आबा, हे ओलं हाय ना! दिसत न्हाई का?" त्यानंतर तारेवरून काढलेला एकेक लंगोट ते आधी गालाला लावायला लागले. दाढी केलेल्या गालाला, डोळे मिटून. वाळलेला असला तर घडी, नाही तर परत तारेवर. दाढीही त्या दिवसांत रोज व्हायला लागली. एरवी आठवड्याला एकदा करणारा माणूस.

आणि तार. आधी ती उंच होती, आबांच्या उंचीच्या हिशेबानं. एकदा ते बाजारात गेले असताना मी उठून लंगोट काढायला गेले. हात वर केला आणि टाक्यांत अशी कळ आली की तिथंच खाली बसले. आबा फाटकातून आत येत होते, त्यांनी बघितलं. मला उठवून आत निजवलं, रागावलेही नाहीत. थोड्या वेळानं बाहेर ठोकाठोक ऐकू आली. तार म्हणजे खांबावरून घरात वीज आणतात त्या सर्व्हिस वायरचा तुकडा होता, दोन्ही भिंतींतले हूक काढून त्यांनी माझ्या छातीच्या उंचीवर ठोकले. "लाइन खाली घेतली," म्हणाले, जणू वरिष्ठांना कळवून राहिले. आता त्यांनाच सहा फुटी अंग मोडून आत-बाहेर करावं लागायचं. मी म्हटलं, टाके भरले की परत वर करा. "करतो की," म्हणाले.

आठव्या दिवशी सासूबाई आल्या, वेळ न कळवता, सकाळीच. तारेनं त्यांच्या छातीला प्रसाद दिला. "अगं बाई! ही काय रीत हाय का तार बांधायची?" असं म्हणत आत आल्या, हातपाय धुतले आणि सरळ आर्याचा लंगोट सोडला. तिला उलटी केली, घड्या बघितल्या, जांघा बघितल्या. आबा दारात उभे, मॅट्रिकच्या निकालाला उभं राहिल्यासारखे. सासूबाईंनी उशाशी रचलेली लंगोटांची चळत बघितली, एक उचलून चुरगाळून बघितला. "दादा," त्या म्हणाल्या, "माझ्या चार लेकरांची बुडं अशी न्हवती वो. ऱ्हाऊ द्या तिला सव्वा महिना. मी मधी मधी येऊन जाईन." आबा नुसते "हाव ताई" म्हणाले आणि बाहेर गेले. बराच वेळ आत येईनात म्हणून मी खिडकीतून बघितलं. कडक वाळलेले लंगोट एकेक करून गालाला लावत उभे होते... डोळे पुसायला आमच्या आबांना एवढं निमित्त लागायचं.

सव्वा महिन्यानं मी लातूरला आले, तो उन्हाळा होता आणि नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्यायला टँकर, तिथं लंगोट कशात धुवायचे? रोज डायपर घेण्याची ऐपत नव्हती. आबांना फोनवर सहज बोलून गेले. रविवारी आबा पिशवी घेऊन दारात! पिशवीत घड्या घातलेले लंगोट. जाताना वापरलेले घेऊन गेले, नांदेडला धुऊन पुढच्या रविवारी परत. पाऊस पडून नळाला पाणी येईपर्यंत हा फेरा चालला. मी वैतागून म्हटलं, "आबा, तिकिटाच्या पैशात पाकीट आलं असतं की!" तर म्हणाले, "माझं म्हाताऱ्याचं तिकीट अर्धं हाय." मग पिशवी उचलत, "लेकीच्या घरी बापानं सारखं येऊ नये म्हणतात ना माय. कामानं आलं की चालतं." मी आत जाऊन चहा टाकला.

आबांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आता घर किरायानं द्यायचं ठरलंय. परवा आवराआवरीला मी आणि आर्या नांदेडला होतो. एक बाई घर बघायला आल्या, नवऱ्याची बदली नुकतीच झालेली, कडेवर तान्हं मूल. तारेला अडखळल्या. "घर छान आहे, पण ही तार काढाल ना? येता-जाता लागते," म्हणाल्या. "काढून देते," असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. तेवढ्यात आर्या तिचा सकाळी धुतलेला फ्रॉक काढायला बाहेर आली. टाचा उंच न करता तिचा हात पुरला. तिनं फ्रॉक काढला, डोळे मिटून गालाला लावला, आणि परत तारेवर टाकून चिमटे लावले. "ओला हाय गं मम्मी अजून," म्हणत खेळायला पळाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सुट्टीत आजोबांच्या मागं मागं फिरून आलेलं.

मी त्या बाईंना म्हटलं, "घर देते. किराया दोन पैसे कमी द्या. पण तार राहील. तुमच्या लेकराला उपयोगी पडेल... तुम्ही तेवढं वाकून येत जा."