आबांच्या सातूला मोड येईनात

ट्रेमध्ये ओल्या कागदावर सातूचे दाणे पसरले होते आणि एकालाही कोंब फुटला नव्हता. नागापूर एमआयडीसीतल्या माल्ट प्लँटमध्ये मी खरेदी बघते. वाईट सँपल खूप पाहिली, पण इतकं ठार मेलेलं पहिल्यांदाच.

माल्ट म्हणजे काही जादू नाही. सातू भिजवायचा, मोड येऊ द्यायचे आणि ते वाढायच्या आत वाळवायचा. मटकीची उसळ करणाऱ्या प्रत्येक घरात हे ज्ञान असतं. आम्ही त्याला मशीन लावतो. पुढे पुण्यातले छोटे ब्रूअरीवाले त्याची बिअर करतात. मोड नाहीत तर माल्ट नाही, आणि मग तो सातू कोंबड्यांपुढे टाकायचा.

सँपल होतं कर्जतकडच्या किसनआबांचं. आबा माळकरी, शिवाय गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. आमच्या शब्दावर त्यांनी यंदा ज्वारी सोडून सगळ्या रानात सातू केला होता. साहेबांनी मला बजावलं होतं, "मॅडम, गावात बिअर हा शब्द काढायचा नाही. पौष्टिक आहार म्हणायचं." मी तसं म्हणत आले. सातूचं पीठ लेकराबाळांनाही देतात, त्यामुळे जीभ फारशी अडखळली नाही.

साहेबांनी ट्रे पाहिला. "लॉट रिजेक्ट करा."

"सर, त्यांचं अख्खं पीक आहे. एकदा जाऊन येते."

"जा. पण मेलेला दाणा तुमच्याकडे बघून उगवणार नाही."

वाटभर मी कारणं शोधत होते. ओल लागली असेल, मळणीत दाणा फुटला असेल, जुना माल मिसळला असेल.

ओसरीवर चहा आला. मी धीर करून सांगितलं, "आबा, तुमचा सातू उगवलाच नाही."

"कसा उगवंल, ताई? भाजल्याला हाय त्यो."

"भाजला? कुणी?"

"आमच्या मंडळींनी. दारात चूल मांडून, समद्यांच्या देखत."

"अहो, पण कशाला?"

आबांनी रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याची बिअर बनती, हे मला पयल्यापासून ठावं हाय. जावयानं मोबाईलवर तुमची कंपनी दावली. पन गावात कुजबुज लई वाढली. मंग म्हनलं, भाजा. गल्लीभर वास सुटला, लोकांची खात्री पटली, पिठासाठीच हाय म्हनून. तेवढ्यात तुमचा डायवर सँपल न्यायला आला. चारचौगात त्याला कच्चा सातू कसा द्यायचा?"

मला राग आला आणि हसूही आलं. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझंच खोटं माझ्यापेक्षा नेटानं चालवत होते.

पोत्यातला सातू अर्थात कच्चाच होता. मी स्वतः सँपल भरलं. या वेळी कोंब असे तरारून आले की लॉट तिथल्या तिथे पास झाला. साहेब म्हणाले, "मी म्हणतच होतो, शेतकरी चांगला आहे."

मग पुण्याचा ब्रूअरीवाला अडून बसला. त्याला बारच्या भिंतीवर शेतकऱ्याचा मोठा फोटो हवा होता. गिऱ्हाइकाला म्हणे मातीची ओढ असते. आबा झिडकारतील अशा खात्रीनं मी विचारलं. ते फेटा बांधून रानात उभे राहिले.

"आबा, तिथं गावातलं कुणी गेलं तर?"

"जाऊ द्या की. फोटू बगितला म्हनून गावात सांगायचं, तर त्यो तिथं कशाला गेल्ता, हे बी सांगावं लागंल न्हवं?"

फोटो लागला. गावात कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त समितीचे उपाध्यक्ष हल्ली आबांना वाकून नमस्कार करतात आणि आबाही त्यांना काही विचारत नाहीत.

सँपल आता मी स्वतःच्या हातानं भरते. बाकीचं गाव सांभाळून घेतं.