कलेजीवाले सर

सरांच्या शर्टाच्या खिशाला उकडलेल्या कलेजीचा वास यायचा. लिफ्टमध्ये शिरलं की कळायचं, सर नुकतेच उतरलेत. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले सर आमच्या मालाडच्या सोसायटीत एकटेच राहायचे आणि कुणाकडेही कुत्र्याचं पिल्लू आलं की त्याची शिकवणी फुकट घ्यायचे. शेजारीपाजारी नाक मुरडायचे. सरांना त्याचं काही नव्हतं.

आई गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी चिकू हे पिल्लू आणलं. तो चपला फाडायचा आणि हाक मारली की सोफ्याखाली पळायचा. मी बिस्किट दाखवून त्याला बाहेर काढायचे. ते बघून सर वैतागले. "अगं, काम व्हायच्या आधी देतात ती लाच. झाल्यावर देतात तो पगार. या वयात भ्रष्ट करतेयस त्याला!"

कलेजीचा तुकडा हरभऱ्याएवढाच हवा, हा त्यांचा हट्ट. चिकू बसला रे बसला की तुकडा त्याच्या तोंडात, आणि "शाब्बास!" इतक्या जोरात की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत यायची. महिन्याभरात चिकू माझ्या हाकेला धावत यायला लागला. मग सर म्हणाले, "आता खाऊ हळूहळू कमी कर. कधी दे, कधी नको. नुसत्या हाकेवर आला पाहिजे."

मी कमी केला. सरांनी मात्र नाही. रोज संध्याकाळी गेटपाशी चिकूला हाक मारायचे आणि रोज तुकडा द्यायचे. एकदा मी तोंडावरच म्हटलं, "सर, नियम तुमचाच ना?"

ते हसले. "तुझ्याकडे तो राहतो गं. माझ्याकडे यायला त्याला काहीतरी कारण नको?"

मी चिकूचा पट्टा जरा सैल सोडला.

सरांचे गुडघे पारच गेले तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. टॅक्सीत सामान चढत होतं. मी चिकूला घेऊन गेटपाशी उभी होते.

"हाक मारा ना, सर."

"नको. आज काही नाहीये माझ्याकडे."

चिकूकडे न बघताच ते आत बसले. टॅक्सी निघाली तसा चिकूने पट्ट्याला हिसडा दिला आणि तिच्यामागे धावत सुटला. पार नाक्यावरून त्याला उचलून आणताना मला रडू आवरेना.

आठवड्याने फोनवर मी सरांना हे सांगितलं. "सवय असेल गं," ते म्हणाले, आणि नागपूरच्या उन्हाबद्दल बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला.

"काल नीट ऐकू आलं नाही मला. कुठपर्यंत धावला म्हणालीस?"