न बसणारी घडी

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो.

सुरतेतल्या एका रंगाई मिलमध्ये भरदुपारी मशीनचं झाकण उडालं आणि गोडादऱ्याचा एक कामगार जागीच गेला. मालकाने जबाब दिला, "त्या दिवशी रंगाईचं खातं बंद होतं. हा तांब्याची वायर चोरायला शिरला." आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली.

मयताची बायको ठाण्यात आली. खानदेशी बाई. "साहेब, तो गया, त्याले कोन परत आनी? पन मना पोरेसले कोनी चोरना पोरे म्हनाले नको." आपल्या पोरांना कोणी चोराची पोरं म्हणू नये, एवढंच तिचं मागणं.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. "खातं चालू होतं. हजेरीचा कागद बघा."

पंचांसमक्ष त्या खात्याच्या हजेरीचा गठ्ठा जप्त केला. जुन्या प्रिंटरचा, दोन्ही कडांना भोकं असलेला, पानाला पान जोडलेला कागद. कामाच्या दिवसाला एक पान, त्यावर सुपरवायझरची सही. क्लार्क पानं फाडत नसे, महिन्याचा सलग गठ्ठा ठेवी. अपघाताच्या तारखेचं पानच नव्हतं.

मालक हसला. "जोयुं ने साहेब? बंद एटले बंद. तमे तो भणेला माणस छो."

शिकलेला होतोच. बाप लूमवर, घरातला पहिला पदवीधर मी. वडील मिलमधून अशाच कागदाची रद्दी आणायचे, तिच्या कोऱ्या पाठीवर मी बी.ए. केलं. हा कागद एकदा पुढे, एकदा मागे असाच दुमडतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

गठ्ठा उलगडून मी पुन्हा घडी घालू लागलो. त्या तारखेपाशी ती बसेना. लागोपाठ दोन घड्या एकाच बाजूला येत होत्या, म्हणजे मधलं छापलेलं एक पान काढलं होतं. सांधा नखाने खरवडला, तर डिंक निघाला.

क्लार्कला बोलावलं. "भाऊ, तुम्ही घालून दाखवा घडी."

तीनदा घातली, तीनदा फुगली. त्याने गठ्ठा बाजूला सारला. "साहेब, नोकरी जाईल माझी."

"पान कुठंय?"

"जाळायला सांगितलं होतं. त्यात त्याचं नाव होतं हो, माझ्याच्याने जाळवेना. घरी आहे."

पान मिळालं. मयताच्या नावापुढे हजेरी स्वच्छ छापलेली.

वरून निरोप आला, "अकस्मातच राहू द्या." मी म्हणालो, "लेखी द्या, सर." कोणी दिलं नाही. निष्काळजीपणाचा आणि पुरावा दडवल्याचा गुन्हा मी मालकावर दाखल केला. महिन्याभरात माझी बदली हजीऱ्याला झाली. झाली तर झाली.

निघण्याआधी मयताच्या बायकोला बोलावून गुन्ह्याच्या नोंदीचा कागद वाचून दाखवला: मयत इसम कामावर हजर होता.

"परत वाचा, साहेब."

परत वाचलं. सगळं ठाणं ऐकेल असं.

मेलेल्याला जबाब देता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवता येतं, असं मोठमोठ्यांना वाटतं, हे मला या केसमध्ये कळलं. मी खुर्चीवर असेपर्यंत माझ्या ठाण्यात ते कोणालाही खपवू दिलं नाही.